मदत हवी आहे: ओरिएंट एक्सप्रेसमध्ये आई-बाबांसाठी कोणती केबिन घ्यावी?

नमस्कार मंडळी,

व्हेनिस सिम्प्लॉन-ओरिएंट एक्सप्रेस या युरोपातल्या जुन्या डब्यांच्या आलिशान गाडीने पॅरिस ते व्हेनिस हा एका रात्रीचा प्रवास कुणी केला आहे का? किंवा घरातल्या ज्येष्ठांना पाठवलं आहे का? आम्ही भावंडं मिळून आई-बाबांना पाठवतोय, पण केबिनपाशी गाडं अडलंय.

बाबा रेल्वेच्या सोलापूर डिव्हिजनला कॅरेज-वॅगन (डब्यांची देखभाल) खात्यात होते, नोकरी सगळी डबे तपासण्यात गेली. १९७७ साली माँटे कार्लोच्या लिलावात उद्योजक जेम्स शेरवुड यांनी दोन जुने डबे घेतले, मग आणखी शोधून, दुरुस्त करून १९८२ मध्ये ही गाडी सुरू केली, हे त्यांना तोंडपाठ आहे. राजस्थानातली आलिशान गाडी पॅलेस ऑन व्हील्स सुचवली होती. पण तिला आता राजेरजवाड्यांचे मूळ सलून (खासगी डबे) राहिलेले नाहीत, आणि बाबांना १९२०-३० च्या दशकातलेच डबे हवेत. लाकडावरचं नक्षीकाम आणि डब्याच्या टोकाला असलेली कोळशाची शेगडी, जिच्यावर अजून डबा गरम होतो, ती त्यांना डोळ्यांनी बघायची आहे. ही इच्छा मला मनापासून पूर्ण करायची आहे.

अडचण आईच्या गुडघ्यांची. जुन्या केबिनमध्ये दिवसा सोफा असतो, रात्री त्याचे खाली-वर दोन बर्थ होतात. आत फक्त बेसिन. संडास डब्याच्या टोकाला आणि शॉवर नाहीच. एक रात्र अंघोळीवाचून निघेल, पण आईला रात्री दोनदा तरी उठावं लागतं. चालत्या गाडीत त्या पॅसेजमधून जाताना धरायला काही आहे का? वरच्या बर्थची शिडी कितपत उभी आहे? बाबा चढतील, पण तेही सत्तरीला आलेत. दोन केबिन जोडून मिळतात, त्यात दोघांनाही खाली झोपता येईल. मात्र खर्च फार वाढतो. ग्रँड सूट या सर्वांत आलिशान केबिनमध्ये शॉवर आहे, पण तो आमच्या आवाक्याबाहेर.

जेवणाचंही सांगा. दोघं शाकाहारी, आई अंडंही खात नाही. आधी कळवलं तर नीट पोटभर मिळतं का? रात्रीच्या जेवणाला अगदी औपचारिक पोशाख लागतो म्हणे. आईची इरकल किंवा पैठणी आणि बाबांचा बंदगळा चालेल ना? सूट शिवायचा तर आत्ताच टाकावा लागेल.

शेवटचं, व्हिसा. शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) अर्ज जिथे जास्त मुक्काम तिथे करतात. आमचे पॅरिसला तीन दिवस, व्हेनिसलाही तीन. मधली गाडीतली रात्र कुठल्या देशात धरायची? मुक्काम सारखाच धरला तर पहिला प्रवेश फ्रान्समध्ये, म्हणून अर्ज तिथेच करायचा विचार आहे. कुणाचा वेगळा अनुभव असेल तर लिहा.

आणि बाबांना स्टुअर्डकडून ती शेगडी जवळून बघायला मिळेल का, हेही कुणी गेलं असेल तर नक्की सांगा. केबिन या महिन्यातच ठरवायची आहे.