'साक्षर' म्हणजे नेमकं कोण?

(गोव्यातल्या तिघांच्या गप्पा; नावांऐवजी त्यांची गावं दिली आहेत.)

पेडणे : ३० मे २०२५ रोजी, घटकराज्य दिनी, गोवा पूर्ण साक्षर झाल्याची घोषणा झाली. तेव्हापासून आजी आठवते आहे. श्रावणात ती रोज पोथी वाचायची, ओवीचा अर्थ सांगायची. लिहिता मात्र येत नव्हतं, बँकेत अंगठाच द्यायची. तिला साक्षर म्हणायचं का?

फोंडा : जनगणनेच्या हिशेबात नाही. सात वर्षांचा किंवा त्याहून मोठा जो माणूस कुठल्याही भाषेत समजून वाचतो आणि लिहितो, तो साक्षर. नुसतं वाचता येऊन भागत नाही. शाळेत गेलेलं असावं अशी अट मात्र नाही, म्हणून 'साक्षर' आणि 'सुशिक्षित' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

'कुठल्याही भाषेत' हे आपल्या गोव्यात फार महत्त्वाचं. रोमी लिपीत कोंकणी लिहिणाऱ्या-वाचणाऱ्याला देवनागरी येत नसेल, तरी तो पूर्ण साक्षरच.

शब्द फोडला तर स + अक्षर, अक्षरासह असलेला. या अर्थाने तुमची आजी साक्षरच होती. तरी लिहिण्याची अट मला योग्य वाटते. वाचणाऱ्याला दुसऱ्याचं म्हणणं कळतं. आपलं म्हणणं कागदावर आणायचं तर लिहावं लागतं. नाहीतर पंचायतीतला अर्जसुद्धा दुसऱ्याच्या शब्दांत जातो.

आणि 'पूर्ण' हा शब्दही तपासून घ्या. ९५ टक्के गाठले की पूर्ण साक्षर धरतात. उरलेली माणसं आहेतच, त्यांना विसरता कामा नये.

मडगाव : एक विनंती, 'अंगठेबहाद्दर' हा शब्द आता सोडून द्यावा. १९६१ च्या आधी आपल्या कितीतरी गावांत मराठी शाळा लोकांच्याच बळावर चालायच्या. पणजीच्या 'मुष्टिफंड' या शिक्षणसंस्थेच्या नावातच लोकांनी दिलेले मूठ-मूठ तांदूळ आहेत. ज्यांच्या गावात तेवढंही नव्हतं, त्यांना हिणवायचं कशासाठी?

पेडणे : पटलं. पण वाचता येतं, लिहिता येत नाही, अशा माणसासाठी मराठीत वेगळा शब्द आहे का?

फोंडा : एकच नेमका शब्द मला सापडलेला नाही. जुनी माणसं 'तिला अक्षर लागतं' असं म्हणायची, ते सर्वांत जवळचं वाटतं.

पेडणे : हो, हेच! आजी म्हणायची, "छापील लागता, हाताचं लागत नाय." मुंबईहून काकांचं पत्र आलं की पोथी बाजूला ठेवून ती मला हाक मारायची.