टोब्रुकला पकडलेले फौजीबाबा कोणत्या जहाजावर बुडाले, कसं शोधावं?

महालकर_नागपूर:
नमस्कार मंडळी. आईच्या थोरल्या काकांचा शोध घेतोय. घरात सगळे त्यांना फौजीबाबा म्हणतात. पणजोबा साताऱ्याकडून एम्प्रेस मिलमध्ये कामाला आले, म्हणून फौजीबाबा वाढले नागपुरातच, पण भरती झाले मराठा लाइट इन्फन्ट्रीत. २१ जून १९४२ ला लिबियातलं टोब्रुक जर्मन-इटालियन फौजांच्या हाती पडलं आणि ते कैदी झाले. घरी दोन तारा आल्या होत्या म्हणे. पहिलीत 'बेपत्ता'. दुसरी बऱ्याच महिन्यांनी आली, तिच्यात कैदी म्हणून नेताना समुद्रात बुडाल्याचं. दोन्ही तारा आज नाहीत.

काकूआजी १९७८ मध्ये गेली, तोवर तिनं कुंकू पुसलं नाही. "त्याले पोहता येत होतं ना बाप्पा, जुम्मा तलाव एका दमात पार करे," असं ती म्हणायची आणि विषय तिथंच संपायचा. तिथी माहीत नसल्यानं सर्वपित्रीला त्यांचं पान वाढतात, तेही सगळ्यांच्या शेवटी. आई आता ८४ वर्षांची आहे. तिला जाण्याआधी ती तारीख हवी आहे.

युद्धात गेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव आणि 'नागपूर' टाकून पाहिलं, काही सापडलं नाही. एका कार्यालयात अर्ज घेऊन गेलो, तर 'इतके जुने कागद नसतात' म्हणून न वाचताच परत दिला. खूप लागलं मनाला. पत्र्याच्या पेटीत आता फक्त एक फोटो आणि विटक्या फितीचं सहा टोकांचं एक पदक उरलंय. सुरुवात कुठून करू?

निवृत्त_सुभेदार:
दादा, पदक उलटं करा. ते आफ्रिका स्टार असणार, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या लढाईचं पदक. भारतीय सैनिकांच्या स्टारवर मागच्या बाजूला नंबर आणि नाव कोरलेलं असतं. चिंच, लिंबू, पितांबरी काहीही लावू नका, अक्षरं झिजतात. कोरड्या मऊ फडक्यानं पुसा, विजेरी आडवी धरा आणि कागद ठेवून वरून पेन्सिल घासा.

नंबर मिळाला की मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बेळगावच्या अभिलेख कार्यालयाला पत्र पाठवा. नुसत्या नावानं लिहू नका. एकाच नावाचे दहा जवान निघतात, मग बिचारा कारकून तरी काय करणार? टोब्रुकला ११ व्या भारतीय ब्रिगेडमध्ये आपली दुसरी पलटण होती, जुन्या कागदांत ती २/५, म्हणजे पाचव्या रेजिमेंटची दुसरी, अशी लिहिलेली सापडेल. काकूआजींना पेन्शन मिळत असेल, तर त्या पुस्तकावरही हाच नंबर असेल. पेटीचा तळ पुन्हा एकदा बघा.

आणि 'नागपूर' टाकून शोधताय ते सोडा. घरचा पत्ता म्हणून मूळ गाव लिहायची पद्धत होती. सातारा टाकून बघा. रेजिमेंटच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग तेव्हा वेगळं असायचं, एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए, तसंच टाईप करा.

महालकर_नागपूर:
सुभेदारसाहेब, पुसलं. हात थरथरत होते. नाव आहे! आडनाव असं काही लिहिलंय की आमचं आम्हालाच ओळखू येईना. नंबरचे पहिले चार आकडे स्पष्ट आहेत, शेवटचा झिजलाय, ३ किंवा ८. पेन्शनचं पुस्तक नाही मिळालं.

जहाजांचा_अभ्यासक:
आकडा लागत नसेल तर तारखेकडून या. त्याच संकेतस्थळावर नावाची जागा रिकामी सोडा, सैन्य भारतीय निवडा आणि मृत्यूची तारीख १३ ऑक्टोबर १९४२ टाका.

कारण सांगतो. टोब्रुकचे कैदी उत्तर आफ्रिकेतून जहाजांनी इटलीला नेत. 'लोरेतो' नावाचं एक इटालियन मालवाहू जहाज ऑक्टोबर १९४२ मध्ये त्रिपोलीहून निघालं. त्यावर सुमारे चारशे भारतीय कैदी होते. १३ ऑक्टोबरला सिसिलीच्या कापो गाल्लोजवळ, म्हणजे पालेर्मो अगदी हाकेवर असताना, त्याला टॉर्पेडो लागला. शंभराहून जास्त भारतीय गेले. टॉर्पेडो सोडणारी पाणबुडी ब्रिटिशांची होती, 'अनरफल्ड'. आपल्याच बाजूची. घरच्यांना तारेत 'बुडाले' एवढंच कळवलं गेलं असेल, तर त्यामागे हेही असू शकतं.

फौजीबाबा याच जहाजावर होते असं मी म्हणत नाही. यादीत नाव दिसलं तरच म्हणा. आणि पोहण्याबद्दल... लिहू की नको असं झालं होतं. अशा जहाजांवर कैद्यांना खाली मालाच्या फाळक्यात ठेवत. तिथून वर यायला एखादी शिडी. पाणी आत आल्यावर पोहता येणं न येणं सारखंच. काकूआजी चूक नव्हत्या, त्यांना फाळका माहीत नव्हता.

सदरची_मीना:
जिनिव्हाच्या रेड क्रॉसच्या अभिलेखागारालाही लिहा. दुसऱ्या महायुद्धातल्या कैद्यांच्या नोंदी शोधून देतात, पण ठरावीकच अर्ज घेतात आणि कोटा भरला की फॉर्म बंद करतात. लक्ष ठेवून बसावं लागतं. माझ्या आजोबांचे भाऊ सिंगापूरला पकडले गेले होते, त्यांचं नाव तिथल्याच क्रांजीच्या युद्धस्मारकावर मिळालं. पण सावध राहा. तिथल्या बऱ्याच नावांपुढची तारीख मृत्यूची नसून बेपत्ता झाल्याची किंवा पकडले गेल्याची असते. आम्ही दोन वर्षं चुकीच्या तिथीला पान वाढलं.

महालकर_नागपूर:
१३ ऑक्टोबरच्या यादीत आडनाव अगदी आमच्यासारखं असलेले दोघं आहेत. एकाच्या नंबरचे पहिले चार आकडे जुळतात आणि शेवटी ८ आहे. वडिलांच्या नावाची जागा मात्र रिकामी. सोमवारी जीपीओतून बेळगावला पत्र टाकलं, पेन्सिलीनं घासलेला कागद सोबत जोडला.

आईला सगळं वाचून दाखवलं. फाळक्याचंही, लपवलं नाही. तिनं जुनं पंचांग काढायला लावलं. ते नवरात्राचे दिवस निघाले. मग बराच वेळ ती काही बोलली नाही आणि नंतर एकच विचारलं, "झाकण वरून लावत का रे?"

अभ्यासकभाऊ, माहीत असेल तर सांगा. ती अजून वाट बघतेय.