हॉलमध्ये होकुसाईची लाट: नक्कल म्हणायची का?

रिकामी_भिंत:
नव्या घराच्या हॉलमधली एक भिंत मोकळी आहे. तिथे जपानी चित्रकार होकुसाईची 'कानागावाची लाट' डिजिटल कॅनव्हासवर छापून लावायचं माझ्या मनात आहे. नवऱ्याचं म्हणणं, नक्कल टांगण्यापेक्षा भिंत मोकळी बरी. मला तो शब्दच पटत नाही. १८३१च्या सुमारास हे चित्र निघालं तेच मुळी छापील. होकुसाईने रेखाटन केलं, ते लाकडी ठोकळ्यावर चिकटवून दुसऱ्याने कोरलं, तिसऱ्याने छापलं आणि प्रकाशकाने विकलं. कोरताना रेखाटन नाहीसंच झालं. प्रती हजारोंनी निघाल्या, नूडल्सच्या एक-दोन वाट्यांच्या भावात एदोतली (म्हणजे आजच्या तोक्योतली) साधी माणसं त्या घेऊन जायची. आता यातलं अस्सल कुठलं, सांगा.

अर्धा_कप:
वकिली झकास, पण अर्धीच बाजू मांडलीत. छापील असलं तरी ते हाताने छापलेलं होतं. प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा, त्यावर कागद ठेवून पाठीमागून 'बारेन' (हातात धरायची चपटी गोल गादी) घासायचा, म्हणजे रंग कागदात मुरतो. आभाळातला उजेड हळूहळू विरत जातो ना, ती 'बोकाशी'. ठशावरचा रंग दर प्रतीला हाताने फिका करत न्यायचा. तुमच्या डिजिटल कॅनव्हासवर यातलं काय उरतं? शिवाय मूळ चित्र साधारण २५ बाय ३७ सेंटीमीटर, शाळेच्या चित्रकलेच्या वहीएवढं. त्याला ओढून चार फुटी करणार तुम्ही!

रिकामी_भिंत:
चार फुटी कोण म्हणालं? (साडेतीन.)

माजघर:
एक विचारू का? त्यात होड्या बुडताहेत. आमच्या सासूबाई असलं चित्र दारातून आत येऊ द्यायच्या नाहीत. वास्तूत बुडती नाव नको म्हणतात.

खाडीपलीकडचा:
माजघरताई, बुडताहेत असं कुणी सांगितलं? त्या मासळी वाहणाऱ्या वेगवान होड्या. वल्हेकरी आडवे होऊन वल्ह्यांना घट्ट चिकटलेत. पुढे काय झालं ते होकुसाईने दाखवलेलंच नाही. आमच्याकडच्या कोळ्यांना हे चित्र दाखवा, ते आधी लाटेची उंची बघतील आणि मग होडीची बांधणी. मागे तो एवढासा फुजी पर्वत आहे, तो शेवटी दिसेल.

मातीचा_गोळा:
मला वेगळाच प्रश्न पडतो. जपानच कशाला? पिंगुळीची चित्रकथी आहे, वारली आहे. दहा घरांत गेलं तर आठांत हीच लाट, कपावर, मोबाइलच्या कव्हरवर, उशीवर. आता तर २०२४पासून जपानच्या हजार येनच्या नोटेवरही तीच. आवड म्हणायची की साथ?

रिकामी_भिंत:
वारली तरी अस्सल कुठे लावता? उशीच्या अभ्र्यावरचीच ना! आणि रविवर्म्याचं काय? १८९४मध्ये मुंबईत छापखाना निघाला, पुढे तो मळवलीला गेला. तिथे छापलेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी देवघरात बसल्या. त्यांना कुणी नक्कल म्हटलं नाही, उलट हळदकुंकू वाहिलं.

अर्धा_कप:
हळदकुंकू देवीला वाहिलं, कागदाला नव्हे. तुम्ही लाटेची आरती करणार असाल तर माझं काही म्हणणं नाही.

उलटा_चष्मा:
माझा अनुभव ऐका. ऑनलाइन कॅनव्हास मागवला. उघडून बघतो तर लाट उजवीकडून येतेय! सोफ्याशी जुळावी म्हणून कुणीतरी चित्रच उलटं छापलं होतं. वरच्या डाव्या कोपऱ्यातलं नाव आणि सही आरशात बघितल्यासारखी उजवीकडे. जपानी वाचणारा उजवीकडून डावीकडे वाचतो, त्याच्यासाठी मूळ चित्रातली लाट समोरून अंगावर येते. उलटवल्यावर ती धडकच गेली. पैसे परत मिळाले, चित्र अजून माळ्यावर आहे.
नक्कल लावायचीच तर न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने मोठ्या आकाराची प्रतिमा मोफत ठेवलीय. ती उतरवून चांगल्या मॅट कागदावर छापून घ्या. हाताने ठसे कोरून नव्याने छापणाऱ्या कार्यशाळा तोक्योत आजही आहेत, पण ते प्रकरण खिशाला जड.

खाडीपलीकडचा:
आणि भिंत कुठली ते आधी बघा. पश्चिमेचं ऊन नको, बाहेरच्या बाजूची भिंत तर नकोच. पावसाळ्यात फ्रेमच्या आत बुरशी धरते. फ्रेम भिंतीला घट्ट चिकटवू नका, मागे बोटभर हवा खेळू द्या.

अर्धा_कप:
खरा मुद्दा राहूनच गेला. ही चित्रं मुळात अशी भिंतीवर टांगून ठेवण्यासाठी नव्हतीच. जपानी घरात टांगतात ती गुंडाळीची चित्रं, 'तोकोनोमा' नावाच्या कोनाड्यात, तीही ऋतूप्रमाणे बदलत. ठशांची चित्रं हातात धरून जवळून बघायची आणि मग परत ठेवून द्यायची. ही लाट ज्या मालिकेतली, तिचं नाव 'फुजीची छत्तीस दृश्यं', खप इतका की दहा वाढवून शेचाळीस झाली. एकच लाट वर्षभर टांगण्यापेक्षा शेचाळीसांची वही करा, वाटल्यास महिन्याला पान बदला.

मातीचा_गोळा:
म्हणजे कॅलेंडर!

रिकामी_भिंत:
हसा. पण काल रात्री २५ बाय ३७चा कागद कापून भिंतीवर चिकटवला. सोफ्यावरून टपाल तिकिटाएवढा दिसतो. साडेतीन फुटी लाटेचा हट्ट मी सोडावा, असं नवऱ्याला वाटलं असणार. तो उठला, सोफा तीन फूट पुढे ओढला आणि म्हणाला, आता बघ. होड्या दिसतील एवढ्या अंतरावर आलोय खरे, पण टीव्ही आता पाठीमागे गेलाय.