मदत हवी आहे: भाऊ चहाची फ्रँचायझी घेतोय. कंपनी कशी तपासावी, आणि तक्रारी किती मनावर घ्याव्यात?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

माझ्या धाकट्या भावाचे इचलकरंजीत साधे यंत्रमाग होते. मंदीत ते चालवणं परवडेना म्हणून त्याने विकून टाकले. त्यातून आलेले पैसे आणि वहिनीचं थोडं सोनं मिळून दहा-अकरा लाखांची सोय होते. त्यात त्याला चहाची फ्रँचायझी घ्यायची आहे. कंपनीचं नाव धाग्यात मुद्दाम देत नाही. टोकन अजून भरलेलं नाही, पण "या महिन्याअखेरपर्यंतच फीमध्ये सवलत" म्हणून त्यांचा माणूस रोज फोन करतोय.

मी कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करते, त्यामुळे आकडे आधी पाहिले. त्यांच्या माहितीपत्रकात रोज ४०० कप, १५ रुपयांना एक, असा हिशेब आहे. म्हणजे महिन्याचा गल्ला १,८०,००० रुपये. कच्चा माल ३५ टक्के धरलाय, तो ६३,०००. भाडं, दोन पोरं, गॅस आणि लाइट मिळून ६५,०००. उरले ५२,०००. पण वर्षाचा गल्ला २१ लाख ६० हजार होतो. हॉटेल-चहासारख्या सेवेला जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाखांची, म्हणजे नोंदणी आली आणि ५ टक्के करही आला. १५ रुपयांतूनच तो द्यायचा तर महिन्याला साडेआठ हजार गेले. माहितीपत्रकात याची ओळच नाही. शिवाय ५ लाखांच्या फ्रँचायझी फीवर १८ टक्के, म्हणजे ९०,००० रुपये वेगळे. ५ टक्क्यांच्या दरात इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही, त्यामुळे तेही खिशातूनच.

आणि ४०० ऐवजी २५० कप गेले तर? गल्ला १,१२,५००, माल ३९,००० च्या वर, बाकीचा खर्च तेवढाच. हातात आठ हजार. त्यात भावाची स्वतःची मजुरी धरलेली नाही. वहिनीने हा कागद पाहिला आणि ती गप्पच झाली.

"रॉयल्टी शून्य" असं मोठ्या अक्षरात छापलंय. पण चहाचा मसाला, प्रीमिक्स, कुल्हड, कप सगळं कंपनीकडूनच घ्यायचं, त्यांच्या दराने. दरपत्रक मागितलं तर "करार झाल्यावर पाठवतो" म्हणाले. कंपनीची खरी कमाई या मालावरच असणार, असं मला वाटतं.

कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर पाहिलं. कंपनी अलीकडेच नोंदवलेली आहे आणि भरणा झालेलं भांडवल एक लाख. ट्रेडमार्कच्या सार्वजनिक शोधात वर्ग ४३ मध्ये (खाण्यापिण्याच्या सेवांचा वर्ग) नाव सापडलं, पण अर्ज कंपनीच्या नावावर नाही, एका संचालकाच्या वैयक्तिक नावावर आहे, आणि स्थिती "ऑब्जेक्टेड", म्हणजे अर्जावर हरकत निघालेली, नोंदणी झालेली नाही. तरी पाटीवर नोंदणीकृत असल्याचं गोलातलं आर चिन्ह आहे.

आता तक्रारींबद्दल. गूगल मॅपवर एक तारा देणारे पुष्कळ आहेत. "चहा गार होता" वगैरे मी सोडून दिलं, ते कुठल्याही दुकानात असतं. पण दुकान घेतलेल्यांच्या तक्रारी वेगळ्या आहेत, आणि वेगवेगळ्या गावांतली माणसं तेच तेच सांगतात: उद्घाटनानंतर फोन उचलत नाहीत, माल उशिरा येतो, बंद केल्यावर डिपॉझिट परत मिळत नाही. मॅपवर काही शाखा "कायमची बंद" दिसतात. कंपनीला विचारलं तर उत्तर आलं, "ज्यांना धंदा करता आला नाही, ते बोंबलतात."

मला विचारायचंय ते हे. अशा तक्रारी कितपत खऱ्या मानायच्या? करारात काय पाहायचं? पैसे अडकलेच तर दाद कुठे मागायची? आणि गिऱ्हाईकाने चहाबद्दल तक्रार केली तर भाऊ अडकणार की कंपनी? भाऊ उतावळा नाही, पण बरेच महिने घरी बसलाय. त्याला नुसतं "नको" म्हणून भागणार नाही.

साधावकील

ताई, आपल्याकडे फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. सगळं १८७२ च्या करार कायद्यावर आणि तुम्ही सही केलेल्या कागदावर चालतं. म्हणून टोकनआधी कराराचा मसुदा मागा. "टोकन भरा, मग मसुदा देतो" म्हणाले तर तिथेच थांबा.

मसुद्यात बहुधा शेवटी एक कलम असतं: या कराराबाहेर कुठलंही तोंडी आश्वासन दिलेलं नाही. तिथे ४०० कप, ५० हजार नफा हे सगळं पुसलं जातं. म्हणून तो नफ्याचा तक्ता कंपनीच्या अधिकृत ईमेलवरून मागवा आणि कराराला परिशिष्ट म्हणून जोडायला सांगा. खोटं सांगून सही घेतली असेल तर करार रद्द करून घेता येतो, पण काय सांगितलं होतं ते तुम्हालाच सिद्ध करावं लागतं.

लवादाचं कलम (वाद कोर्टाऐवजी नेमलेल्या त्रयस्थाने मिटवायचं कलम) नीट वाचा. लवादाचं ठिकाण गुरुग्राम असेल तर इचलकरंजीहून तिकडे जाऊन भांडणं भावाला झेपणार नाही. ठिकाण कोल्हापूर किंवा निदान पुणे करून घ्या. लवाद एकट्या कंपनीनेच नेमायचा असं लिहिलं असेल तर ते सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालानंतर टिकत नाही.

लवादाचं कलम नसेल तर फ्रँचायझी करार व्यावसायिक न्यायालय कायदा, २०१५ खाली येतो. दावा ३ लाखांचा किंवा वरचा असेल आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर आधी मध्यस्थी सक्तीची आहे. ग्राहक आयोगात कंपनी म्हणेल की हा व्यापारी व्यवहार आहे. पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेला माल २०१९ च्या ग्राहक कायद्याने त्यातून वगळला आहे; सेवेचा उल्लेख मात्र तिथे नाही. भाऊ स्वतः गल्ल्यावर बसणार असेल तर हा मुद्दा मांडून पाहता येतो, पण त्यावर विसंबू नका. सुरुवातीला १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, तेवढ्याने काही कंपन्या बोलायला तरी येतात. सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू दिसत असेल तर पोलिसांकडे, रक्कम मोठी आणि फसलेले बरेच असतील तर आर्थिक गुन्हे शाखेकडे.

आणि ट्रेडमार्क नोंदलेला नसताना ते गोलातलं आर वापरणं हा १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याने गुन्हा आहे. कंपनीशी बोलताना हे आधी विचारा. अर्ज संचालकाच्या नावावर आहे, तर कंपनीला नाव वापरू देण्याचा हक्क कुठल्या कागदाने मिळाला, तो कागदही मागा.

गोदाकाठचा

ताई, मी नाशिकला ज्यूसची फ्रँचायझी चालवलीय, आता बंद आहे. गिऱ्हाइकाच्या तक्रारीबद्दल सांगतो. एफएसएसएआयचा (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) १४ आकडी परवाना दुकानाच्या नावावर असतो, म्हणून अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घेतो तो तुमच्या गल्ल्यावरून आणि नोटीसही तुम्हालाच येते. प्रीमिक्स कंपनीचं असलं तरी. म्हणून प्रत्येक मालाचं पक्कं बिल घ्यायचं आणि पाकिटाचा बॅच नंबर त्याच बिलावर पेनाने लिहून ठेवायचा. अन्नसुरक्षा कायद्यात ते बिल पुरवठादाराची हमी मानलं जातं. माझ्याकडे सिरपच्या डब्यात बुरशी निघाली तेव्हा त्या बिलामुळेच मी सुटलो. करारातही लिहून घ्या की कंपनीच्या मालात दोष निघाला तर दंड आणि खर्च कंपनीचा.

दुसरं, भावाला त्यांच्या चालू शाखेसमोर साध्या मंगळवारी बसायला सांगा. सकाळी सहा ते रात्री दहा, वहीत काड्या मारत कप मोजायचे. शाखा कंपनी दाखवेल ती नको, तुम्ही मॅपवरून निवडा. त्या वहीपुढे माहितीपत्रकाचं काही चालत नाही.

दूरदेशी

मी न्यू जर्सीत असते. इथे फेडरल ट्रेड कमिशनचा नियम आहे: सही किंवा पैसे देण्याच्या किमान १४ दिवस आधी कंपनीला एक माहितीपत्र द्यावंच लागतं. त्यात २३ मुद्दे असतात. कंपनीवरचे खटले, गेल्या तीन वर्षांत किती शाखा उघडल्या आणि किती बंद झाल्या, आणि नुकतेच सोडून गेलेल्यांचे संपर्क. भारतात हे बंधन नाही, पण मागायला कोण अडवतंय? "सोडून गेलेल्यांची यादी द्या" एवढंच लिहून पाठवा. धंदा न जमलेले कुठेही असतात. पण सोडून गेलेल्याचं डिपॉझिट का अडकलं, याचा त्याच्या धंद्याशी काय संबंध? त्या तक्रारीचं उत्तर कंपनीनेच द्यायला हवं.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. भावाला हा धागा वाचून दाखवला. मंगळवारी तो सांगलीतल्या शाखेसमोर बसणार आहे, वही घेऊन.

आज कंपनीला ईमेल केला: मसुदा, मालाचं दरपत्रक, ट्रेडमार्कचा कागद आणि बंद झालेल्या शाखांची यादी. लेखी उत्तर नाही, पण तासाभरात फोन आला. आता ते दुसरीच योजना सांगतायत: "दुकान तुमचं, चालवणार आम्ही, दरमहा ३० हजार खात्यात." साधावकील, हे मला जास्तच खटकतंय.

साधावकील

खटकायलाच हवं. पैसे घेऊन ठरावीक परतावा द्यायचा शब्द दिला की ती फ्रँचायझी राहत नाही, ठेव ठरू शकते. बेकायदा ठेवींवर २०१९ चा केंद्राचा कायदा आहे, आणि महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा. रिझर्व्ह बँकेच्या सचेत पोर्टलवर अशी तक्रार करता येते. ही योजना लेखी मागा, आणि टोकन कुणाच्याही वैयक्तिक यूपीआयवर पाठवू नका.

कृष्णाकाठ

मागितली. अजून आलेली नाही. सांगली, सातारा, कोल्हापूर भागात कुणी चहाची फ्रँचायझी घेऊन सोडली असेल तर कृपया मला व्यक्तिगत निरोप करा. डिपॉझिट परत मिळालं का आणि किती दिवसांनी, एवढं कळलं तरी पुष्कळ आहे.