शब्दचर्चा : तोतया बॅटमॅन, नकली बॅटमॅन की उर्फ बॅटमॅन?

प्रश्न : फिलिपिन्समधल्या मारधाडपटांवर लेख लिहिते आहे. १९९१ साली तिकडे ‘अल्यास बॅटमॅन एन रॉबिन’ हा विनोदी हाणामारीचा चित्रपट आला. जोई दे लिऑन बॅटमॅन, त्यांचाच मुलगा कीम्पी रॉबिन. मूळ अमेरिकी हक्कदारांची परवानगी नाही. मसुद्यात मी ‘सवंग चित्रपट’, ‘तोतया बॅटमॅन’ आणि ‘बुरखाधारी नायक’ असं लिहिलंय. तिन्ही शब्द खटकताहेत. काय लिहावं?

प्रतिसाद १ : ‘तोतया’ आधी काढा. हा शब्द मराठीत पानिपताचा इतिहास घेऊन येतो. सदाशिवरावभाऊ म्हणवून घेणारा तो इसम ‘मीच खरा’ असं सांगून लोकांकडून मान मागत होता. फसवण्याचा हेतू नसेल तर तोतया म्हणता येत नाही, आणि इथे तसा हेतू कुठे आहे? तिकीट काढणाऱ्याला पडद्यावर जोई दे लिऑनच दिसणार हे ठाऊक होतं. ही तऱ्हा तिथे जुनीच आहे. १९६६ च्या ‘जेम्स बॅटमॅन’मध्ये डॉल्फी या लाडक्या विनोदी नटाने बाँड आणि बॅटमॅन अशा दोन्ही भूमिका केल्या. १९६७ मध्ये ‘बॅटमॅन फाइट्स ड्रॅक्युला’ आला. तो चित्रपट आज हरवलेला मानला जातो, आणि याची मला खरोखर हळहळ वाटते.

तुमचं उत्तर चित्रपटाच्या नावातच आहे. ‘अल्यास’ म्हणजे आपलं ‘उर्फ’. टोपणनाव सांगायलाही चालतं आणि पोलिसांच्या कागदावरही शोभतं. ‘उर्फ बॅटमॅन’ लिहा. ‘नकली’ चुकीचं नाही, पण तो शब्द मालाला लागतो, माणसाला लावला की तुच्छता येते.

प्रतिसाद २ : ‘बुरखाधारी’बद्दल. वर्तमानपत्रांनी हा शब्द दरोडेखोरांना देऊन टाकला आहे. ‘बुरखाधारी टोळीने लुटले’ असंच वाचायची सवय झालीय, त्यामुळे नायकाला तो लावला की वाचक गडबडतो. मुखवट्याला आपल्याकडे मान आहे : गौरींचे मुखवटे, देवाचा मुखवटा, जव्हार-मोखाड्याकडचा मुखवटे घालून नाचण्याचा बोहाडा. तो चढवला की माणूस दुसरा कुणी होतो, लपत नाही.

तिकडेही ‘मास्कारा’ला, म्हणजे मुखवट्याला, हा आनंदाचा अर्थ आहे. बाकोलोद शहरात १९८० साली साखरेचे भाव कोसळले होते, त्यातच बोट बुडून शेकडो माणसं गेली, आणि त्याच वर्षी शहराने हसऱ्या मुखवट्यांचा ‘मासकारा’ उत्सव सुरू केला. म्हणून ‘मुखवटाधारी’. मात्र बॅटमॅनचं हनुवटी-ओठ उघडे ठेवणारं शिरस्त्राण डोळ्यांसमोर आणायचं असेल तर ‘अर्धा मुखवटा’ म्हणा.

प्रश्नकर्ती : मुखवटाधारी घेते. आणि ‘सवंग’?

प्रतिसाद १ : ‘सवंग’ हा अभिरुचीवरचा शेरा आहे, खर्चाचा त्यात हिशेब नाही. कोट्यवधी ओतूनही चित्रपट सवंग निघू शकतो. तुम्हाला पैसा कमी होता एवढंच सांगायचंय, तर ‘कमी खर्चातला’. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मनिलात ‘पितो-पितो’ म्हणून चित्रपट निघत. पितो म्हणजे सात. साधारण आठवड्याभरात चित्रीकरण उरकायचं, पैसे मोजकेच. त्यांतूनही चांगले दिग्दर्शक पुढे आले. अशा कामाला न पाहताच ‘सवंग’ म्हणणं अन्यायाचं आहे.

प्रतिसाद ३ : थोडं विषयांतर, पण लेखात उपयोगी पडेल. तागालोग या तिकडच्या भाषेत नायकाला ‘बिदा’ म्हणतात. मूळ स्पॅनिश शब्दाचा अर्थ आयुष्य. आणि खलनायक? ‘कोन्त्राबिदा’. नायकाच्याच शब्दाला पुढे उपसर्ग लावून विरोधक घडवला. आपण ‘नायक’च्या आधी ‘खल’ लावला, तेही तसंच. फरक असा की ‘खल’ म्हटलं की माणूस दुष्ट ठरतो, ‘कोन्त्रा’ नुसता समोर उभा राहतो. त्यांच्या विनोदी चित्रपटातल्या खलनायकाबद्दल लिहिताना ‘खलनायक’ जड वाटला तर ‘विरुद्ध बाजूचा’ म्हणून पाहा.

प्रश्नकर्ती : जोकर झालेले रेने रेकिएस्तास हे स्वतःच लोकप्रिय विनोदी नट होते, त्यांना ‘खल’ म्हणवतच नाही. पेंग्विन झालेले पांचितोही तसेच.

प्रतिसाद ३ : मग दोघांनाही ‘कोन्त्राबिदा’च ठेवा. पहिल्या वेळी अर्थ द्या, पुढे वाचक सरावतो.