दहावीच्या रसायनशास्त्रात पर्यावरण शिकवायचे, पण उपदेश न करता : उपाय सुचवावेत

प्रश्न : खडूफळा

नमस्कार. मी पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी, मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. राज्य मंडळाच्या पुस्तकांची रचना आपणा सर्वांना परिचित आहेच. 'रासायनिक अभिक्रिया व समीकरणे', 'धातुविज्ञान' आणि 'कार्बनी संयुगे' ही प्रकरणे पहिल्या भागात येतात, तर 'पर्यावरणीय व्यवस्थापन' आणि 'हरित ऊर्जेच्या दिशेने' ही दुसऱ्या भागात. त्यामुळे विद्यार्थ्यांच्या मनातही दोन कप्पे पडतात. एका कप्प्यात समीकरणे संतुलित करायची असतात आणि दुसऱ्यात 'प्रदूषण टाळावे, झाडे लावावीत' अशी ठरावीक वाक्ये लिहायची असतात. नदी का बिघडते असे विचारले तर उत्तर तयार असते, पण त्या उत्तरात एकाही पदार्थाचे नाव नसते, मग वस्तुमानाचा प्रश्नच नको.

पर्यावरणाचा प्रश्न रसायनशास्त्राच्या तासालाच, रसायनशास्त्राचा प्रश्न म्हणून मांडता यावा आणि त्यातून समीकरण किंवा मोल संकल्पना अधिक पक्की व्हावी, असे उदाहरण मला हवे आहे. प्रयोगशाळेत तराजू, चंचुपात्रे, लिटमस आणि नेहमीची आम्ले आहेत. सामू मोजण्याचे यंत्र नाही. वर्गातील निम्म्याहून अधिक मुले ऊस उत्पादकांच्या घरची आहेत, तेव्हा 'शेतकरी प्रदूषण करतो' असा सूर निघणारे उदाहरण कृपया देऊ नये.

उत्तर १ : परीक्षानळी

गणेशमूर्तीचे उदाहरण घ्यावे, असे मी सुचवेन. भाद्रपदात हा विषय मुलांच्या घरात असतो आणि त्यामागचे रसायन नववीच्या 'द्रव्याचे मोजमाप' या प्रकरणाच्या आवाक्यातले आहे.

प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे अर्धा रेणू पाणी असलेले कॅल्शिअम सल्फेट. त्यात पाणी घातले की ते दोन रेणू पाणी धरते आणि घट्ट होते. म्हणजे मूर्ती सुकल्यावर ती रासायनिकदृष्ट्या जिप्सम असते. जिप्सम पाण्यात अजिबात विरघळत नाही असे मुले समजतात, पण तसे नाही. लिटरभर पाण्यात साधारण २ ते २.५ ग्रॅम विरघळते. यावरून पहिले गणित सुटते : एक किलोच्या मूर्तीसाठी किमान चारशे लिटर पाणी लागेल, तेही सतत ढवळत राहिल्यास. बादलीत मूर्ती तशीच का राहते, याचे उत्तर मुले स्वतः काढतात.

पुढचा भाग पुण्याचा आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने घरगुती विसर्जनासाठी अमोनिअम बायकार्बोनेटची पद्धत सुचवली आणि पुणे महानगरपालिकेने ते रसायन नागरिकांना वाटले. जिप्समचा एक मोल आणि अमोनिअम बायकार्बोनेटचे दोन मोल यांची अभिक्रिया होऊन कॅल्शिअम कार्बोनेट, अमोनिअम सल्फेट, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होते. वस्तुमाने मांडावीत : १७२ आणि १५८ ग्रॅम मिळून ३३० ग्रॅम, उजवीकडे १००, १३२, ४४ आणि ५४, म्हणजे पुन्हा ३३०. अभिक्रिया पुढे का सरकते, तर कॅल्शिअम कार्बोनेटची द्राव्यता जिप्समच्या जवळजवळ दोनशेव्या भागाइतकी, लिटरला सुमारे ०.०१३ ग्रॅम आहे, त्यामुळे कॅल्शिअम अवक्षेपाच्या रूपाने द्रावणातून निघून जातो आणि आणखी जिप्सम विरघळण्यास वाव मिळतो.

वर्गात प्लास्टर ऑफ पॅरिसची रंग न दिलेली वडी ओतावी, ती पूर्ण सुकवावी आणि १७.२ ग्रॅमचा तुकडा घ्यावा. दोनशे मिलिलिटर पाण्यात अठरा-वीस ग्रॅम अमोनिअम बायकार्बोनेट विरघळवून त्यात तो टाकावा. सैद्धांतिक गरज १५.८ ग्रॅमची आहे, थोडे जास्त असलेले बरे. शेजारी तेवढ्याच साध्या पाण्यात दुसरा तुकडा ठेवावा. त्याचे जास्तीत जास्त अर्धा ग्रॅम वजन कमी होईल. भांड्याचे झाकण घट्ट लावू नये, कारण वायू बाहेर पडतो, आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात, कारण अमोनियाचा वास येतो. अधूनमधून ढवळत दोन-तीन दिवस ठेवून गाळल्यावर उरलेल्या पांढऱ्या भुकटीवर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकावेत. भुकटी फसफसते, मूळ तुकडा फसफसत नाही. दिसायला दोन्ही पांढरेच, पण पदार्थ बदलला आहे, हे यापेक्षा सोप्या रीतीने दाखवता येईल असे मला वाटत नाही. भुकटी सुकवून तिचे वजन करावे. दहा ग्रॅमपेक्षा ते बरेच जास्त भरले, तर जिप्सम शिल्लक आहे असे समजावे.

उत्तर २ : बॉयलिंगहाऊस

मी शिक्षक नाही. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करतो. मॅडमनी ऊस उत्पादकांच्या घरच्या मुलांचा उल्लेख केला म्हणून लिहीत आहे, कारण त्यांच्यासाठी इथेनॉल हे उदाहरण अधिक जवळचे ठरेल, आणि त्यात कोणाला दोषी ठरवण्याची गरजही पडत नाही.

'कार्बनी संयुगे' या प्रकरणात इथेनॉल आहेच. किण्वनात ग्लुकोजच्या एका मोलपासून, म्हणजे १८० ग्रॅमपासून, इथेनॉलचे दोन मोल (९२ ग्रॅम) आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन मोल (८८ ग्रॅम) मिळतात. साखरेचे जवळजवळ अर्धे वजन वायू होऊन जाते, हे ऐकून मोठी माणसेही चकित होतात. ते ९२ ग्रॅम इथेनॉल इंजिनात जळाले की कार्बन डायऑक्साइडचे आणखी चार मोल बाहेर पडतात. एकूण सहा मोल झाले, आणि उसाने प्रकाशसंश्लेषणात ग्लुकोजचा एक मोल तयार करताना हवेतून घेतलेले होते तेही सहाच. कागदावर हिशेब शून्यावर येतो.

इथेच थांबले तर ती जाहिरात होईल. म्हणून दुसरा प्रश्न विचारावा की या समीकरणात काय लिहिलेले नाही. युरिया लिहिलेला नाही, ट्रॅक्टरचे डिझेल लिहिलेले नाही, पाटाचे पाणी लिहिलेले नाही. आणि आमच्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे स्पेंटवॉश, म्हणजे अल्कोहोल काढून घेतल्यावर उरणारे सांडपाणी, लिहिलेला नाही. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना साधारण ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश निघतो. तो गडद तपकिरी व आम्लधर्मी असतो आणि त्याची जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे त्यातले सेंद्रिय पदार्थ कुजवताना सूक्ष्मजीव जेवढा ऑक्सिजन वापरतील तो, लिटरला चाळीस-पन्नास हजार मिलिग्रॅमच्या घरात जाते. नदीच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला आठ मिलिग्रॅमच्या आसपास असतो, हा आकडा शेजारी लिहिला की मुलांना पुढे समजावून सांगावे लागत नाही. त्यावर उपायही रसायनाचेच आहेत : आधी त्यातून बायोगॅस काढतात, मग पाणी आटवून तो बॉयलरमध्ये जाळतात किंवा प्रेसमडमध्ये (उसाचा रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळात) मिसळून खत करतात. हे उपाय नीट चालवले तर चालतात, त्यासाठी खर्च येतो, आणि खर्च वाचवला की ओढ्याचा रंग बदलतो.

एक आकडा पेट्रोलपंपावरचा. लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये सुमारे २१. वीस टक्के मिश्रणाच्या लिटरभर इंधनात किती ऊर्जा असेल, हे दहावीचा विद्यार्थी सहज काढेल, आणि घरी दुचाकीच्या मायलेजवरून चाललेल्या वादात त्याला बोलताही येईल.

प्रयोग म्हणून काकवीच्या पातळ द्रावणात यीस्ट घालून, बाटलीच्या तोंडाशी नळी लावून वायू चुन्याच्या निवळीत सोडता येतो. आदल्या व दुसऱ्या दिवशीच्या वजनांतील फरकावरून किती ग्लुकोज खर्च झाले, याचा अंदाज निघतो. मुख्याध्यापकांना मात्र आधी कल्पना देऊन ठेवावी. शाळेत काय गाळले जात आहे, यावर गावात चर्चा व्हायला वेळ लागत नाही.

उत्तर ३ : जुनी प्रयोगवही

वरील दोन्ही उदाहरणे चांगली आहेत, तरीही मला काही शंका मांडाव्याशा वाटतात.

पर्यावरण हा विषय सर्व स्तरांवर सक्तीने शिकवावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली वकील महेश चंदर मेहता यांच्या याचिकेवर दिला. त्यानंतर आपल्याकडे तो स्वतंत्र विषय म्हणून, प्रकल्पवही आणि श्रेणी यांच्यासह आला, आणि मॅडम ज्या दोन कप्प्यांबद्दल लिहितात त्यांचे मूळ काही प्रमाणात त्या रचनेत आहे, असे माझे मत आहे. तेव्हा रसायनशास्त्राच्या तासाला तो आणणे योग्यच. पण आणताना काळजी न घेतल्यास 'रसायन म्हणजे विष' हा समज अधिक घट्ट होतो. 'केमिकल-फ्री' साबण विकणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो, विद्यार्थ्यांना नाही.

दुसरी शंका 'परीक्षानळी' यांच्या उदाहरणाबद्दल. पॉल अनास्टास आणि जॉन वॉर्नर या रसायनशास्त्रज्ञांनी १९९८ साली हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वे मांडली. त्यांतले पहिले तत्त्व असे की कचरा निर्माण झाल्यावर त्याची विल्हेवाट लावण्यापेक्षा तो निर्माणच होऊ न देणे श्रेयस्कर. मूर्ती विरघळवणे हा विल्हेवाटीचा मार्ग आहे. शिवाय अमोनिअम बायकार्बोनेट बनवण्यासाठी अमोनिया लागतो, तो हेबर पद्धतीने बनतो, आणि त्या एका पद्धतीवर जगाच्या एकूण ऊर्जेपैकी एक ते दोन टक्के ऊर्जा खर्च होते. विसर्जनानंतरचे अमोनिअम सल्फेट खत म्हणून उपयोगी आहे, त्यात २१ टक्के नायट्रोजन असतो, हे खरे. परंतु तेच द्रावण गटारातून तलावात गेले तर शेवाळाला खत मिळेल. रंगवलेली मूर्ती असेल तर द्रावण कुंडीत ओतण्यापूर्वीही विचार करावा लागेल.

तिसरी गोष्ट, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते : आपण पर्यावरणाचा धडा शिकवतो आणि तास संपला की कॉपर सल्फेट व सिल्व्हर नायट्रेट बेसिनमध्ये ओततो. मुले ते पाहत असतात. चाचण्या परीक्षानळीऐवजी पारदर्शक प्लास्टिकच्या तुकड्यावर थेंबांनी करता येतात. अवक्षेप, रंगबदल, सगळे दिसते आणि खर्चही वाचतो. उरलेले कॉपर सल्फेट एका बरणीत साठवून वर्षाच्या शेवटी त्यात लोखंडी खिळे टाकावेत. निळा रंग गेला की तांबे गाळून घ्यावे. 'धातुविज्ञान' प्रकरणातील विस्थापन अभिक्रिया त्यातच होऊन जाते.

उत्तर ४ : परीक्षानळी

'जुनी प्रयोगवही' यांचा आक्षेप मान्य आहे, आणि तो वर्गात लपवू नये, उलट मुलांपुढेच ठेवावा, असे मी म्हणेन. ३३० ग्रॅम पदार्थांपैकी उपयोगी पडू शकतील असे किती, हे विचारावे : १०० आणि १३२ मिळून २३२, म्हणजे सुमारे ७० टक्के. रसायनशास्त्रज्ञ बॅरी ट्रॉस्ट यांनी १९९१ साली मांडलेली अणू-काटकसरीची कल्पना, म्हणजे घेतलेल्या पदार्थांपैकी किती वस्तुमान उपयोगी उत्पादितात येते हे पाहणे, दहावीच्या मुलाला यापेक्षा अवघड करून सांगण्याचे कारण नाही.

मात्र 'निर्माणच होऊ नये' हे म्हणताना पर्यायाचेही रसायन पाहावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मनाई केली आणि नैसर्गिक मातीचा आग्रह धरला. शाडूची माती पाण्यात विरघळत नाही. तिचे कण सुटे होऊन आधी निलंबन होते आणि मग गाळ बसतो. विषारी नाही हे ठीक, पण हजारो मूर्तींचा गाळ एका छोट्या तळ्यात बसला तर तळे उथळ होतेच. दोन चंचुपात्रे शेजारी ठेवून, एकात जिप्सम व दुसऱ्यात शाडू, कोणते गाळणकागदातून जाते हे पाहण्यास दहा मिनिटे पुरतात.

प्रश्नकर्ती : खडूफळा

सर्वांचे आभार. पहिल्या सत्रात नववीला मूर्तीचा प्रयोग आणि दुसऱ्या सत्रात दहावीला इथेनॉलचा हिशेब, असे ठरवत आहे. कॉपर सल्फेटची बरणी उद्यापासूनच ठेवते. एक अडचण राहते : अमोनिअम बायकार्बोनेट तालुक्याच्या गावी कोठे मिळेल, आणि प्रयोगानंतरचे द्रावण मी कोठे टाकावे?

उत्तर ५ : बॉयलिंगहाऊस

मॅडम, खारी आणि नानकटाई करणाऱ्या बेकरीत चौकशी करावी. तिथे ते फुगवण्यासाठी वापरतात, 'अमोनिया' म्हणून मागितले तर बहुधा कळेल. हवाबंद डब्यातले ताजे घ्यावे, कारण उघडे राहिल्यास ते हळूहळू उडून जाते आणि तुमचे वजनाचे गणित चुकते. वडी बिनरंगाची असल्याने द्रावण भरपूर पाण्यात मिसळून शाळेच्या बागेत थोडे थोडे देता येईल. वीस ग्रॅम बायकार्बोनेटमध्ये नायट्रोजन साधारण साडेतीन ग्रॅम येतो. बागेला तो किती वाफ्यांत वाटायचा, हा पुढचा गृहपाठ मुलांना देऊन टाकावा.