स्ले द स्पायर: पॉयझन नक्की कधी लागतं, आणि ऑटोमॅटनवर का चढत नाही?

उलटी_पाकळी
कार्डांनी लढायच्या या गेमच्या पहिल्या भागाबद्दल विचारतेय, दुसऱ्या नव्हे. सायलेंट हे पात्र घेऊन खेळायला लागून दोनेक आठवडे झालेत आणि पॉयझनचा डेक (कार्डांचा संच) मला मनापासून आवडलाय, पण ते काम कसं करतं हे अजून नीट डोक्यात बसलेलं नाही. डेडली पॉयझन मारलं की शत्रूवर 5 चा आकडा येतो पण त्याच्या हेल्थमधून त्याच क्षणी काहीच जात नाही, मग मी टर्न संपवते, तेव्हा कुठेतरी 5 जातात आणि आकडा 4 होतो. हे त्याने मला मारायच्या आधी होतं का नंतर? दुसरं म्हणजे आधीच 4 असताना परत 5 लावलं तर ते दोन वेगळे चालतात का एकत्र होतात? मी रिस्क ऑफ रेन 2 खूप खेळलेय, तिथे ॲक्रिडचं विष शत्रूला 1 हेल्थवर आणून सोडतं, मारत नाही, त्यामुळे इथे पण शेवटचा घाव आपल्यालाच घालावा लागतो का असं वाटत होतं. व्हल्नरेबल लावलं की हल्ला दीडपट लागतो, तसं पॉयझन पण दीडपट लागतं का? आणि सगळ्यात जास्त डोकं फिरलं ते ब्राँझ ऑटोमॅटन या बॉसला, त्याच्यावर डेडली पॉयझन मारलं, वर कॅटलिस्ट मारलं, आणि पॉयझन शून्य. दोन्ही कार्डं वाया. बग आहे का हा?

तिसरा_मजला
बग नाहीये. ऑटोमॅटन लढाई सुरू होतानाच 3 आर्टिफॅक्ट घेऊन येतो, आणि एक आर्टिफॅक्ट म्हणजे एक डीबफ (त्याला अपाय करणारा परिणाम) फुकट गिळणार, मग तो 1 चा वीक (त्याचा हल्ला कमी करणारा) असो नाहीतर 9 चं पॉयझन. त्याला आकड्याशी देणंघेणं नसतं, किती वेळा लावलं एवढंच तो मोजतो. तुझं डेडली पॉयझन पहिल्या आर्टिफॅक्टने खाल्लं, आणि कॅटलिस्ट असलेल्या पॉयझनची दुप्पट करतं, शून्याची दुप्पट काय होणार. म्हणून आधी स्वस्तातलं काहीतरी फेकून ते आर्टिफॅक्ट उतरवायचे. सुरुवातीलाच मिळणारं न्यूट्रलाइझ शून्य एनर्जीत 1 वीक लावतं, त्याने एक जातो. बाउन्सिंग फ्लास्क तर याच कामाला आलंय असं वाटावं इतकं चांगलं आहे, 3-3 पॉयझन तीन वेळा उडवतं आणि समोर एकटाच शत्रू असेल तर तिन्ही आर्टिफॅक्ट एका कार्डात साफ.

आता वेळेचं. शत्रूंचा टर्न सुरू झाला की सगळ्यात आधी पॉयझन लागतं, सगळ्या शत्रूंना, आणि मग ते एकेक करून आपापली चाल खेळतात. म्हणजे 7 हेल्थ आणि 7 पॉयझन असलेला शत्रू तुला मारायच्या आधीच मरतो, त्याच्यासाठी ब्लॉक (हल्ला अडवणारं कवच) घालायची गरजच नाही. हो, इथलं पॉयझन मारतं, शेवटचा घाव वगैरे काही लागत नाही. नवीन लोक इथेच एनर्जी वाया घालवतात, जो मरणारच आहे त्याच्या हल्ल्यासाठी डिफेंड हे ब्लॉकचं कार्ड खेळत बसतात. टर्न संपवायच्या आधी हेल्थ आणि पॉयझन हे दोन आकडे शेजारी ठेवून बघायची सवय लाव.

ब्लॉकचा आणि पॉयझनचा काही संबंध नाही, ते थेट हेल्थमधून जातं. व्हल्नरेबल, स्ट्रेंग्थ (हल्ल्याचा जोर वाढवणारी) यांचा पण संबंध नाही कारण तो अटॅक नव्हेच. फक्त शत्रू इन्टँजिबल (कुठल्याही फटक्याने 1 च हेल्थ जाणारा) असला तर पॉयझनचं पण 1 च जातं, तिसऱ्या ॲक्टमधल्या (टप्प्यातल्या) नेमेसिस या शत्रूला म्हणून जपून. स्फेरिक गार्डियन या शत्रूची गंमत बघ, हेल्थ फक्त 20, पण 40 ब्लॉक आणि तो ब्लॉक त्याचा जात नाही, आर्टिफॅक्ट पण 3. बाकीचे डेक त्याचं कवच ठोकत बसतात, तू तीन आर्टिफॅक्ट उतरवलेस की थेट 20 शी गाठ.

पंधरा_अधिक_एक
एकत्र होतात, आणि पॉयझनची सगळी ताकद त्या एकत्र होण्यातच आहे, त्यावर थोडं सविस्तर लिहितो कारण हे कळल्यावर माझं खेळणंच बदललं.

5 पॉयझन म्हणजे 5+4+3+2+1, एकूण 15. दोन वेगवेगळ्या शत्रूंवर 5-5 लावलं तर एकूण 30. तेच दोन्ही एकावर लावलं तर 10 होतं आणि 10 चं एकूण 55. कार्डं तीच, एनर्जी तीच, जवळजवळ दुप्पट फरक. म्हणून ते वाटून लावायचं नसतं, एकाच ठिकाणी साठवायचं. काही गेम्समध्ये नवीन विष लावलं की फक्त टायमर नव्याने सुरू होतो, तसं इथे नाही, टायमर आणि डॅमेज हा एकच आकडा आहे. आकडा वाढवला की जास्त जोरात पण लागतं आणि जास्त वेळ पण लागतं.

कॅटलिस्ट त्यामुळेच एवढं भारी. 12 चं एकूण 78, दुप्पट करून 24 झालं की 300, म्हणजे जवळपास चौपट. अपग्रेड केलेलं तिप्पट करतं, 10 चं 30, एकूण 55 वरून 465. एकाच टर्नमध्ये दोन्ही हातात असतील तर आधी डेडली पॉयझन, मग कॅटलिस्ट, हे उलटं कधीच करू नकोस.

आता एक हिशोब मी कागदावर करून बघितला होता. शत्रूवर 12 आहे, हातात कॅटलिस्ट आहे, पुढच्या टर्नला डेडली पॉयझन येणार हे माहितीय. आत्ता दुप्पट करायचं का थांबायचं? आत्ता केलं तर 24 लागतात, उरतात 23, त्यात 5 घालून 28 लागतात, दोन टर्नचे 52. थांबलं तर आधी 12 लागतात, उरलेल्या 11 मध्ये 5 घालून 16, दुप्पट 32, दोन टर्नचे 44. म्हणजे थांबणारा 8 ने मागे, पण त्याच्याकडे पॉयझन 4 ने जास्त, त्यामुळे चौथ्या टर्नला दोघंही बरोबर 105 वर येतात आणि पाचव्यापासून थांबलेला पुढे. लढाई चार टर्नात संपणार असेल तर लगेच मार, बॉस असेल तर थांब, मात्र तेवढं जगायची सोय पाहिजे.

उलटी_पाकळी
अरे बाप रे, धन्यवाद दोघांना. डिफेंडची चूक मी किती वेळा केलीय. नॉक्शस फ्यूम्सचा हिशोब पण असाच चालतो का? ते कार्ड मी नेहमी सोडून देते, 2-2 काय कामाचं असं वाटतं.

पंधरा_अधिक_एक
सोडू नकोस! फ्यूम्स तुझ्या प्रत्येक टर्नच्या सुरुवातीला सगळ्या शत्रूंना 2 लावतं आणि शत्रूच्या टर्नला 1 च कमी होतो, म्हणजे दर टर्नला 1 शिल्लक राहतो. लागणारं 2, 3, 4, 5 असं चढत जातं, दहा टर्नात 65, प्रत्येक शत्रूला. अपग्रेड केलं की 3 लावतं आणि चढण 3, 5, 7, 9 अशी होते, दहा टर्नात 120. एका अपग्रेडमध्ये जवळपास दुप्पट देणारी कार्डं फार नाहीत. फक्त पहिल्याच टर्नला हातात आलं तर जेवढं काम करतं तेवढं सहाव्या टर्नला आलं तर करत नाही.

काजळी_रात्र
मी थोडं वेगळं सांगते. वरचं सगळं बरोबर आहे पण हे 15, 55, 300 चे आकडे शत्रू तेवढे टर्न जिवंत राहिला आणि *तूही* राहिलीस तरच खरे. एका एनर्जीत स्ट्राइक लगेच 6 देतो, डेडली पॉयझन त्या टर्नला 5 देतं आणि दुसऱ्या टर्नला 9 होऊन पुढे जातं. लढाई छोटी असेल तर उरलेलं पॉयझन मेलेल्या शत्रूबरोबर वाया जातं, स्पेसिमेन रेलिक (कायम सोबत राहून फायदा देणारी वस्तू) मिळालं तर ते दुसऱ्यावर जातं पण ते रेअर आहे, त्याच्यावर विसंबून डेक बांधता येत नाही. पहिल्या ॲक्टमध्ये पटकन मारणारी दोन-तीन अटॅक कार्डं घेच. ग्रेमलिन नॉब हा शत्रू आठव, तू स्किल प्रकारचं कार्ड खेळलीस की त्याची स्ट्रेंग्थ वाढते, आणि डेडली पॉयझन, फ्लास्क, कॅटलिस्ट, सगळी स्किल आहेत. पॉयझन्ड स्टॅब अटॅक प्रकारचं आहे आणि फ्यूम्स पॉवर प्रकारचं, ही दोन त्याला चिडवत नाहीत.

आणि पॉयझन डेकमधली निम्मी कार्डं खरं तर ब्लॉकची हवीत. तू वेळ विकत घेतेस, बाकी पॉयझन आपोआप करतं. मी पहिल्या कित्येक रनमध्ये (सुरुवातीपासूनच्या खेळींमध्ये) सहा-सात पॉयझनची कार्डं जमवायचे आणि दुसऱ्या ॲक्टमध्ये मरायचे. आता दोन-तीन लावणारी, एक कॅटलिस्ट आणि बाकी जगायची सोय, एवढ्यावर जास्त लांब जाते.

उलटी_पाकळी
काल रात्री हे सगळं धरून खेळले. फ्यूम्स अपग्रेड केलेलं, एक कॅटलिस्ट, ब्लॉक भरपूर, मस्त चाललं होतं, दुसऱ्या ॲक्टचा बॉस चॅम्प निघाला. तो अर्ध्याच्या खाली गेला, माझ्याकडे कॅटलिस्ट होतं, त्याच्यावर 40 च्या वर पॉयझन केलं आणि निवांत झाले, आणि त्याने सगळं पुसूनच टाकलं, वर स्ट्रेंग्थ घेतली आणि दोन टर्नात मला संपवलं. खूप वाईट वाटलं, इतकं छान जमून आलेलं.

तिसरा_मजला
हे सांगायचं माझ्याकडून राहिलं, वाईट वाटलं वाचून. चॅम्पची हेल्थ 420, अर्ध्याच्या खाली गेला की तो पुढची चाल ठरवताना ॲन्गर निवडतो आणि त्यात अंगावरचे सगळे डीबफ काढून टाकतो. टाइम ईटर हा बॉस पण तसाच, तो वर हेल्थ पुन्हा अर्ध्यावर नेतो. अवेकन्ड वन हा बॉस मरून परत उठतो तेव्हाही पॉयझन साफ होतं, शिवाय पहिल्या रूपात तू पॉवर खेळलीस की त्याची स्ट्रेंग्थ वाढते, म्हणजे तिथे फ्यूम्स पण विचार करून.

चॅम्पला असं कर. तो 210 च्या वर असतानाच पॉयझन साठवत रहा, अटॅक थांबव, आणि कॅटलिस्ट अर्ध्याच्या खाली गेल्यावर नाही तर *अगदी वर असताना* वापर. समज तो 230 वर आहे आणि पॉयझन तू 80 वर नेलंस. त्याच्या टर्नच्या सुरुवातीला 80 लागून तो 150 वर येतो, आधी दाखवलेली चाल खेळतो, आणि त्यानंतर ॲन्गर दाखवतो. ज्या टर्नला तो ॲन्गर करणार त्याच्या सुरुवातीला पॉयझन आधी लागतं, मग पुसलं जातं, म्हणजे अजून 79 गेले, 71 उरले. आणि मधला तुझा एक अख्खा टर्न मोकळा असतो, तेव्हा राखून ठेवलेले अटॅक काढ. 

काजळी_रात्र
त्या मधल्या टर्नला नवीन पॉयझन लावायचं तर त्याचा फक्त एकच फटका मिळणार हे धरून लाव. 5 चं डेडली पॉयझन तिथे 5 च देतं, स्ट्राइक 6 देतो.

उलटी_पाकळी
म्हणजे मी बरोब्बर चुकीच्या बाजूला वापरलं. आज परत बसते. आत्ताच्या रनमध्ये दुकानात स्नेको स्कल हे रेलिक आलंय, पॉयझन लावताना 1 जास्त, घेऊ का? डेकमध्ये एक फ्लास्क आहे आणि एक फ्यूम्स.

पंधरा_अधिक_एक
घे. फ्लास्क तीन वेळा उडतं, प्रत्येक वेळी 1 जास्त, 9 चं 12 होतं. एकट्या शत्रूवर 45 चं 78. फ्यूम्स साधं असेल तर ते अपग्रेड न करताच 3 चं होईल. चॅम्पचं काय झालं ते इथे लिही मात्र.